हलका कॅमेरा, उभ्या भिंती

प्रश्न : सेवाग्राम आणि वर्ध्यातल्या वास्तू चार बाय पाच इंच फिल्मवर टिपायच्या आहेत. फिरणं सायकलवर. हलका व्ह्यू कॅमेरा कोणता घ्यावा?

उत्तर : घडीचा लाकडी फील्ड कॅमेरा घ्या. मोनोरेल कॅमेऱ्यावर लेन्स आणि मागच्या चौकटीच्या हालचाली भरपूर मिळतात, पण तो सायकलवर न्यायची वस्तू नव्हे. इंट्रेपिड कंपनीचा बर्च प्लायवूडचा कॅमेरा जेमतेम सव्वा किलोचा आहे.

मात्र वजनाआधी लेन्स किती वर सरकते ते बघा. वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपासमोर कॅमेरा वर झुकवलात की उभ्या रेषा वर जवळ येतात. मागची चौकट ओळंब्यात ठेवून फक्त लेन्स वर सरकवायची, म्हणजे रेषा सरळ राहतात. ९० मिमी एफ/८ सुपर अँग्युलॉन लेन्स एफ/२२वर साडेतीन सेंटिमीटर तरी सरकू देते. खरी अडचण लेन्स आणि मागची चौकट जोडणाऱ्या भात्याची. वाइड लेन्सला तो इतका दबतो की लेन्स वर हलतच नाही. म्हणून विकत घेण्याआधी ९० मिमी लावून, अनंतावर फोकस करून ती सरकवून पाहाच. नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

सेवाग्रामची बापू कुटी, म्हणजे गांधीजींची झोपडी, बसकी. तिथे लेन्स वर सरकवणं फारसं लागणार नाही. तिथे कस लागतो तो प्रकाशाचा. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं तिरप्या उजेडातच दिसतात. आत ट्रायपॉड लावण्याची परवानगी आधी विचारा.

हलका कॅमेरा वाऱ्याने थरथरतो. ट्रायपॉडला पिशवी टांगा. आणि मे महिन्यात, फोकस करताना डोक्यावर घ्यायच्या काळ्या कापडाची बाहेरची बाजू पांढरी हवी, नाहीतर आत भाजून निघाल.