गाडीच्या खिडकीतून मराठी : जुन्या रूट ६६ वरची गावे

मुलांनो, मागच्या महिन्यात आम्ही तुम्हाला 'मी पाहिलेले शेत' या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. बहुतेकांची पहिली दोन वाक्ये सारखीच होती : शेत मोठे आहे. शेत हिरवे आहे. तिसऱ्या वाक्यापाशी पेन्सिली थांबल्या. पोळी, भाजी, चप्पल, आंघोळ हे शब्द तुम्हाला येतात, कारण ते घरात रोज कानावर पडतात. घराचे दार ओलांडले की मात्र तुमची मराठी संपते. म्हणून या अंकातला पाठ पुस्तकातला नाही. तो गाडीत बसून शिकायचा आहे.

शिकागोहून स्प्रिंगफील्डला जाताना आपली बहुतेक कुटुंबे इंटरस्टेट ५५ धरतात. सुमारे २०० मैल, साधारण साडेतीन तास. अब्राहम लिंकनचे घर पाहायचे, समाधी पाहायची, आणि परत. मधल्या मैलांमध्ये पाहण्यासारखे काही नाही, नुसता मका आहे, असे पालक सांगतात. आम्हाला ते पटत नाही. इंटरस्टेटच्या शेजारून, पुष्कळ ठिकाणी अगदी हाकेच्या अंतरावरून, जुना रूट ६६ जातो. या रस्त्याला १९२६ साली हा क्रमांक मिळाला. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत सुमारे २,४०० मैलांचा हा रस्ता आठ राज्यांतून जात असे. पुढे मोठे इंटरस्टेट बांधले गेले आणि १९८५ साली रूट ६६ चे नाव राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून काढून टाकले. रस्ता मात्र बराचसा जागेवर आहे. तपकिरी पाट्या पाहत गेलात तर चुकणार नाही.

ड्वाइटपाशी इंटरस्टेट सोडा. आता खिडकीतून नीट बघा. एका बाजूला आगगाडीचे रूळ, मधे जुना रस्ता, पलीकडे इंटरस्टेट. तिघेही जवळजवळ समांतर धावतात. सगळ्यात आधी आले ते रूळ, १८५० च्या दशकात. ड्वाइटपासून ओडेल आठेक मैलांवर, ओडेलपासून पाँटियाक दहाएक मैलांवर. गावे अशी ठरावीक अंतराने का बरे आहेत? त्या काळी वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी घ्यावे लागे, आणि शेतकऱ्याला घोडागाडीत धान्य भरून स्टेशनवर पोहोचवून दिवस मावळायच्या आत घरी परतायचे असे. गाव फार दूर असून चालत नसे.

यासाठी मराठीत एक सुंदर शब्द आहे : पंचक्रोशी. कोस म्हणजे साधारण दोन मैल. गावाच्या भोवतालचा पाच कोसांचा मुलूख ती पंचक्रोशी. 'पंचक्रोशीत त्याच्यासारखा पैलवान नाही' असे म्हणतात, म्हणजे माणसे जिथपर्यंत पायी किंवा गाडीने येत-जात आणि एकमेकांना ओळखत, तिथपर्यंत. महाराष्ट्रात बैल होते, इथे घोडे होते, एवढाच काय तो फरक.

आता शेताकडे या. महाराष्ट्रातल्या शेताला बांध असतो. बांध म्हणजे दोन शेतांच्या मधला मातीचा उंचवटा. त्यावर गवत वाढते, बोरीबाभळी उगवतात, त्यावरून चालत जाता येते. एखादा शेतकरी नांगरताना दर वर्षी थोडाथोडा बांध आपल्याकडे ओढतो, त्याला 'बांध कोरणे' म्हणतात, आणि त्यावरून भावाभावांची भांडणे कोर्टापर्यंत जातात. आजी-आजोबा गावाकडचे असतील तर त्यांना याची एखादी गोष्ट विचाराच. ती त्यांच्याकडे असणारच.

इलिनॉयमध्ये असा बांध दिसत नाही. शेताला शेत लागून असते, आणि रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम जातात. ते खरोखरच आखलेले आहेत. १७८५ च्या कायद्याने या बाजूच्या जमिनीची मोजणी चौरसांत करायची ठरले. एक मैल लांब, एक मैल रुंद असा चौरस, म्हणजे ६४० एकर. असे ३६ चौरस मिळून एक टाउनशिप, आणि त्यातला सोळावा चौरस शाळेसाठी राखून ठेवायचा. गाव वसण्याआधीच कागदावर शाळेची जागा ठरलेली होती, हे आम्हाला विशेष वाटते. आपल्याकडे एका एकराचे ४० गुंठे होतात. मग एका चौरस मैलात गुंठे किती? गाडीतल्या गाडीत, कागद न घेता, आणि मराठीत मोजून सांगा.

गावाभोवतालच्या सगळ्या शेतजमिनीला मिळून शिवार म्हणतात. शिवारात काय उभे आहे? जुलै महिन्यात गेलात तर मका आणि सोयाबीन. मक्याच्या ताटाच्या टोकाला जो झुपका दिसतो तो तुरा. त्यातून पराग वाऱ्यावर उडतात आणि खाली कणसाच्या केसांवर पडतात. प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. ज्या केसापर्यंत पराग पोहोचला नाही त्याचा दाणा भरत नाही. म्हणून कधीकधी कणसात मधेच दात पडल्यासारखी फट दिसते. कणसावरच्या दाण्यांच्या ओळी मोजून पाहा, त्या जवळजवळ नेहमी सम संख्येत असतात. हे बाजारातून आणलेल्या कणसावर मोजावे. शेतातले तोडू नये, ते दुसऱ्याचे आहे, आणि शिवाय ते चवीला गोड नसते. इथला बहुतेक मका जनावरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉल नावाच्या इंधनासाठी जातो. भाजून, तिखट-मीठ-लिंबू लावून खायचा तो हा नव्हे.

गाव जवळ आले हे कशावरून कळते? देवळाचा कळस आधी दिसतो तसा इथे दुरून धान्याचा एलेव्हेटर दिसतो, मग पाण्याची टाकी. एलेव्हेटर म्हणजे धान्याचे उंच कोठार. पाँटियाकच्याही पुढे, अ‍ॅटलांटा नावाच्या छोट्या गावात, १९०३ च्या सुमाराचा लाकडी एलेव्हेटर जपून ठेवला आहे. तो जरूर पाहा. शेतकऱ्याची गाडी आत यायची, धान्य खालच्या खड्ड्यात ओतले जायचे, मग फिरत्या पट्ट्याला लावलेली भांडी ते धान्य भरून वर न्यायची आणि माथ्यावर उलटी व्हायची. तिथून धान्य आपल्या वजनाने कप्प्यांत आणि पुढे रेल्वेच्या डब्यात. हे वाचून आपल्याकडच्या कोणाला रहाटगाडगे आठवणार नाही? विहिरीवरच्या चाकाला गाडगी बांधलेली, भरून वर येणारी आणि रिकामी होऊन खाली जाणारी. तिथे पाणी, इथे धान्य.

आपल्याकडे धान्य ठेवायच्या जागांना किती शब्द आहेत पाहा. बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली ती कणगी. मोठी खोली ते कोठार. आणि जमिनीत खोल खणलेले ते पेव. पेवाचे तोंड बंद करून वर माती टाकत. 'शहरात हॉटेलांचे पेव फुटले' असे तुमचे बाबा म्हणतात ना, ते हेच पेव. फुटले की दाणे जसे चहूकडे पसरतात, तशी हॉटेले. इलिनॉयच्या शेतकऱ्याने धान्य आकाशाकडे चढवले, आपल्या शेतकऱ्याने जमिनीत पुरले.

पाँटियाक हे लिव्हिंग्स्टन काउंटीचे मुख्य गाव, आपल्या भाषेत तालुक्याचे गाव म्हणा. मधोमध १८७५ सालचे कोर्ट, भोवती चौक, चौकात दुकाने. व्हर्मिलियन नदीवर पायी जाण्यासाठी तीन झुलते पूल आहेत, त्यातला सर्वांत जुना १८९८ चा. त्यावर उड्या मारू नयेत असे आम्ही लिहितो खरे, पण हलल्याशिवाय झुलता पूल कळत नाही. जुन्या अग्निशामक केंद्राच्या इमारतीत रूट ६६ चे संग्रहालय आहे.

आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारे गाव मात्र ओडेल. १९३० च्या दशकात या गावातून गाड्यांची इतकी वर्दळ होती की मुलांना रस्ता ओलांडून चर्चला आणि शाळेला जाणे कठीण झाले. शेवटी रस्त्याखालून चालत जायला बोगदा खणला. पुढे काही वर्षांतच रस्ता गावाबाहेरून वळवला आणि बोगद्याची गरजच उरली नाही. १९३२ सालचा पेट्रोल पंप दुरुस्त करून ठेवला आहे, तो पाहायला लोक थांबतात. प्रवासी आगगाडी आजही ड्वाइट, पाँटियाक आणि लिंकन या गावांना थांबते, ओडेलहून न थांबता पुढे जाते. अशा गावाला मराठीत आडवळणी म्हणतात. गाव जागचे हलले नाही, रस्ता हलला. वाटेतल्या काही गावांत मुख्य रस्त्यावरची दुकाने बंद दिसतील. त्यांचे फोटो काढून हसू नका. उघड्या दुकानात जा, एखादी वस्तू विकत घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना जुन्या रस्त्याबद्दल विचारा. त्यांना सांगायला आवडते.

लिंकन गावी थांबून एक गंमत ऐका. १८५३ साली हे गाव वसले तेव्हा लिंकन राष्ट्राध्यक्ष नव्हते, वकील होते. त्यांनी स्वतः कलिंगडाचा रस शिंपडून गावाचे बारसे केले, असे तिथे सांगतात. आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात हे आम्ही जाता जाता सांगून ठेवतो.

पालकांना विनंती : या प्रवासात निदान तासभर मुलांच्या हातातले पडदे बंद ठेवावेत. दशम्या आणि चटणी बरोबर घ्यावी, कारण मधल्या गावांत शाकाहारी जेवण मिळेलच असे नाही. मुलाने 'कॉर्न' म्हटले तर रागावू नये, नुसते 'हो, मका, आणि त्याचा तुरा बघ' असे म्हणून पुढे बोलत राहावे. एखादा शब्द तुम्हालाही आठवला नाही तर तिथूनच गावी फोन लावावा. आमच्या अनुभवाने, 'आजी, कणगीला झाकण असते का?' या प्रश्नावर जितका वेळ बोलणे चालते तितका वेळ 'कशी आहेस, बरी आहेस का' यावर चालत नाही.

गृहपाठ : शिवार, बांध, तुरा, कणगी, पेव, रहाटगाडगे, पंचक्रोशी, आडवळणी. यातले कोणतेही पाच शब्द वापरून तुम्ही पाहिलेल्या एका गावाबद्दल दहा ओळी लिहा. रूट ६६ लाच गेले पाहिजे असे नाही, कोणत्याही राज्यातले छोटे गाव चालेल. गावातल्या एका माणसाने इंग्रजीत सांगितलेली एक गोष्ट त्यात मराठीत आली पाहिजे. लहान गटाने मक्याचे चित्र काढून तुरा, कणीस आणि केस यांची नावे लिहावीत. गुंठ्यांचे उत्तर पानाच्या मागच्या बाजूला लिहावे. मोठ्या भावंडांनी ते आधीच सांगून टाकू नये.