माझ्या आजीचे नाव

माझ्या आजीचे खरे नाव नकुसा आहे. ती तेरहून लग्न होऊन ढोकीला आली. गल्लीत सगळे तिला मोठीआई म्हणतात, म्हणून मला तिचे नाव माहीतच नव्हते. एकदा रेशनकार्डावर वाचले. आई म्हणाली, "नकुसा म्हणजे नको असलेली." आजीच्या आधी तीन बहिणी झाल्या होत्या. आता तरी मुलगा व्हावा म्हणून चौथीचे नाव नकुसा ठेवले.

मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, अशी नावे दुसऱ्या भाषांतही आहेत. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळमध्ये वेंडाम, म्हणजे नको. चीनमध्ये लाइदी, म्हणजे धाकट्या भावाला घेऊन ये. म्हणजे हाक तिला मारायची आणि बोलवायचे भावाला! कानडीत साकम्मा नाव असते. साकु म्हणजे पुरे. पण माझी आत्या उमरग्याकडे असते, तिला कानडी येते. ती म्हणाली, साकु म्हणजे सांभाळणे पण होते. साकम्माला चांगला अर्थ घेता येतो. नकुसाला दुसरा अर्थच नाही.

आपल्याकडे दगडू, धोंडिबा, केरबा अशीही नावे असतात. ती नकोसे म्हणून नाही, तर लाडक्या लेकराला नजर लागू नये म्हणून ठेवत. दगडाबाई शेळके तर निजामाविरुद्ध मराठवाडा मुक्तिसंग्रामात लढल्या. त्यामुळे दगडाबाई नाव मला चांगले वाटते.

सातारा जिल्ह्यात नकुसा नावाच्या पुष्कळ मुली होत्या. २२ ऑक्टोबर २०११ ला तिथल्या जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन २८० हून जास्त मुलींची नावे बदलली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली, कोणी सावित्री.

मी आजीला म्हणाले, "आपण तुझं पण बदलू." आजी म्हणाली, "आता कशाला गं? पासबुकावर तेच हाय, सातबाऱ्यावर तेच हाय. साळंत गेले न्हाई ते एक बरं झालं, न्हाईतर रोज हजेरीला नकुसा म्हणले असते."

बाबांचेही म्हणणे, कागद बदलायचे म्हणजे लई हेलपाटे. आई म्हणते, हेलपाटे झाले तरी बदलावे. मला आईचे पटते.

रात्री मी परत विचारले, "पण तुला कोणतं आवडतं?" आजी खूप वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "कमळ."

मी आता तिला कमळआजी म्हणते. अजून ती पहिल्या हाकेला ओ देत नाही.