गिअरबॉक्सला आधी खरी माहिती दे

डेट्रॉईट

चि. छोटू,


१९७२ च्या शेव्हरोले सी-१० मध्ये तू २००२ च्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं इंजिन आणि त्याच्यामागचा ४एल६०-ई गिअरबॉक्स बसवलास, इंजिन सुरूही झालं, हे वाचून फार बरं वाटलं. गिअर मात्र नीट पडत नाहीत, म्हणून तू आता लॅपटॉप जोडून शिफ्टची कोष्टकं बदलणार आहेस. ते सध्या थांबव. कोष्टकांना हात लावण्याआधी गिअरबॉक्सच्या कंप्युटरपर्यंत पोचणारी माहिती खरी आहे का, ते बघ. चुकीच्या माहितीवर कितीही हुशारीने ट्यूनिंग केलंस तरी शेवटी क्लच जळतात.

तुझ्या ट्रकच्या काळातल्या टर्बो-३५० गिअरबॉक्सला कंप्युटर लागत नसे. इंजिनाचा व्हॅक्यूम आणि आउटपुट शाफ्टबरोबर फिरणारा गव्हर्नर यांवरच तेलाचा दाब आणि गिअर ठरायचे. पुढे १९८२ साली ७००-आर४ आला. त्यात चौथा गिअर होता आणि दाबासाठी थ्रॉटलची केबल. १९९३ मध्ये त्याचाच ४एल६०-ई झाला. गिअरचं प्रमाण तेच राहिलं, ३.०६, १.६३, १ आणि ०.७०, पण निर्णय कंप्युटरकडे गेला. तो निर्णय दोन शिफ्ट सोलनॉइडांनी अमलात येतो. दोन्ही चालू असले की पहिला, ए बंद आणि बी चालू म्हणजे दुसरा, दोन्ही बंद म्हणजे तिसरा, ए चालू आणि बी बंद म्हणजे चौथा. तेलाचा दाब तिसरा सोलनॉइड ठरवतो आणि त्याचं गणित उलटं आहे: करंट जास्त तर दाब कमी, करंट शून्य तर दाब सर्वांत जास्त.

पहिली गोष्ट विजेची. हे एवढं ध्यानात ठेवलंस तर अर्धं निदान घरबसल्या होईल. ट्रक जागेवरून जड उठतो, डी मध्ये गिअर बदलतच नाही आणि लिव्हर टाकताना दणका बसतो, असं झालं तर गिअरबॉक्स खोलू नकोस. सोलनॉइडांना वीज पोचत नाही, म्हणून तो तिसऱ्यात आणि पूर्ण दाबावर अडकला आहे. वीज गेली तरी क्लच वाचावेत, म्हणून मुद्दाम केलेली ही सोय आहे. इग्निशनचे १२ व्होल्ट गिअरबॉक्सच्या कनेक्टरवर येतात का, फ्यूज शाबूत आहे का, इंजिन, चॅसी आणि बॅटरी यांच्यामधलं अर्थिंग रंग खरवडून धातूवर घट्ट बसवलं आहे का, ते आधी बघ. मग मीटर लाव. शिफ्ट सोलनॉइड साधारण २० ते ३० ओहम दाखवेल, दाबाचा सोलनॉइड त्याहून पुष्कळ कमी.

दुसरी गोष्ट वेगाची. आउटपुट शाफ्टच्या एका फेऱ्याला सेन्सर ४० ठोके मोजतो. त्या ठोक्यांवरून रस्त्यावरचा वेग काढायला कंप्युटरला टायरचा घेर आणि मागच्या ॲक्सलचं प्रमाण माहीत असावं लागतं, आणि त्याच्या डोक्यात अजून सिल्व्हराडोचेच आकडे आहेत. तुझा ॲक्सल ३.०८ चा आहे आणि टायर २८ इंची. टायरवर खडूने खूण कर, ट्रक एक पूर्ण फेरा पुढे ढकल आणि जमिनीवर अंतर मोज. ८८ इंच आलं तर मैलाला ७२० फेरे झाले. त्याला ३.०८ ने गुणलंस की शाफ्टचे २,२१८ फेरे. सिल्व्हराडोत ३.७३ चा ॲक्सल आणि साडेतीस इंची टायर असतील, तर हाच आकडा २,४६७ च्या आसपास येतो. म्हणजे तू खरोखर ताशी ६० मैलांनी जात असताना कंप्युटरला ५४ दिसतात आणि प्रत्येक गिअर उशिरा पडतो. टायर आणि ॲक्सलचे हे दोन आकडे दुरुस्त केलेस की तुझी निम्मी तक्रार कोष्टकांना न शिवता मिटेल.

तिसरी गोष्ट ब्रेकच्या वायरची, आणि ती हमखास राहून जाते. या कंप्युटरला ब्रेक दाबलेला नसताना १२ व्होल्ट हवे असतात आणि दाबल्यावर ते तुटायला हवेत. सी-१० चा जुना दिव्याचा स्विच नेमका उलटा आहे. ती वायर मोकळी सोडलीस तर ब्रेक सतत दाबलेला आहे असं समजून कंप्युटर टॉर्क कन्व्हर्टर लॉकच करत नाही. हायवेवर तेल तापत राहतं, आणि ऑटोमॅटिकचा खरा वैरी ही उष्णता. एक रिले लावून ते सरळ कर. रेडिएटरच्या पुढे तेलाचा वेगळा कूलरही बसव.

चौथी गोष्ट लिव्हरची. तुझ्या कॉलमवर पी, आर, एन, डी, २, १ एवढ्याच खाचा आहेत. या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्हची एक जास्त लागते. आतला मॅन्युअल व्हॉल्व्ह अर्धवट जागी राहिला तर दाब गळतो, आणि तिथे कंप्युटर काहीच करू शकत नाही. रॉड सोडव, गिअरबॉक्सवरचा दांडा हाताने एकेका खाचेत टाक आणि प्रत्येक ठिकाणी रॉड जोर न लावता बसतो का ते पाहा. फक्त पी आणि एन मध्येच स्टार्टर फिरला पाहिजे. त्यात तडजोड नको. जिवाशी खेळ आहे.

हवेचा पाइप बदलला असशील तर एअरफ्लो सेन्सरचा आकडाही तपासून घे. इंजिनावर किती भार आहे ते कंप्युटर त्यावरून ओळखतो आणि तेवढाच दाब देतो. सेन्सरने भार कमी सांगितला की दाब कमी, आणि ओढताना तिसऱ्या-चौथ्याचा क्लच घसरतो. तो या गिअरबॉक्सचा नाजूक भाग आहे. म्हणून शिफ्ट मऊ लागावी यासाठी दाब कधीही उतरवू नकोस. थोडा झटका बसला तर बसू दे.

मित्रांचं ऐकून वेगळा कंट्रोलर घ्यायचा विचार करतो आहेस, तर थांब. कार्ब्युरेटरचं इंजिन असतं तर तो लागलाच असता, थ्रॉटल सेन्सरही वरून बसवावा लागला असता. तुझ्याकडे इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही सांभाळणारा मूळ कंप्युटर आहे. तोच ठेव. ते पैसे चांगल्या वायरिंगला आणि कूलरला घाल.

या क्रमाने वीज, वेग, ब्रेक, लिव्हर आणि भार तपास. प्रत्येक आकडा वहीत लिही आणि वही मला पाठव. सगळं जुळलं की कोष्टकं आपण दोघं मिळून बघू. तोवर ट्रकला ट्रेलर जोडू नकोस.

तुझा,
काका