सुरूच्या मुळांना बुरशीची सोबत

प्रश्न : शेताच्या बांधावर सुरूची रोपे लावायची आहेत. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरचा सुरू पाइनच्या कुळातलाच ना? रोपांना मायकोरायझा बुरशी द्या म्हणतात. तिने मुळे कुजणार नाहीत का?
– एक वाचक, अच्छाड (ता. तलासरी)

उत्तर : सुरू पाइनसारखा दिसत असला तरी तो सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या ‘सुया’ म्हणजे हिरव्या, पेरेदार डहाळ्या.

मायकोरायझा मुळे कुजवत नाही. ती मुळांना स्फुरद आणि पाणी पुरवते, बदल्यात साखर घेते. स्फुरद कमी पडले की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन हे द्रव्य सोडतात. त्याने बुरशीचे तंतू फुटतात. मग मुळांच्या पेशींतील ठरावीक जनुके सक्रिय होऊन बुरशीला आत वाट देतात. सुरूच्याच गणातील कॅज्युरिना ग्लॉका या जातीत सिमआरके जनुकाचे काम दडपले, तेव्हा बुरशीचा शिरकाव घटला आणि फ्रँकिया जिवाणूंच्या नत्र बांधणाऱ्या गाठीही कमी झाल्या. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच जनुक दोन्ही सोबत्यांसाठी लागते. पाइनची बुरशी मात्र मुळांवर वेष्टन घालून पेशींच्या मधल्या जागेत वाढते, पेशीत शिरत नाही.

तेव्हा मायकोरायझा जरूर द्या, पण थेट मुळांना लागेल अशी. स्फुरदाचे खत भरमसाट घालू नका. स्फुरद मुबलक मिळाले की मुळे बुरशीला बोलावणेच थांबवतात. मायकोरायझा देताना बुरशीनाशकाची आळवणीही टाळा.