चित्तभ्रम म्हणजे काय?

“अमक्यास वेड लागलें,” एवढें म्हटलें कीं त्याच्याविषयीं सर्व कांहीं सांगून झालें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसही तसेंच वाटत असे. वस्तुतः त्या शब्दानें कांहींच कळत नाहीं. वैद्यकांत ज्यास सायकोसिस म्हणतात व येथें आम्ही ज्यास चित्तभ्रम म्हणूं, त्या विकारांत खरें कोणतें व मनानें निर्मिलेलें कोणतें, हें ओळखण्याची शक्ति क्षीण होते. जवळ कोणी नसतां बोलणें ऐकूं येतें. पुष्कळदां तें निंदेचें किंवा धाकाचें असतें. हा भास. शेजारी आपल्या अन्नांत विष कालवितात, अशी समजूत बसते आणि कोणत्याही पुराव्यानें ती हालत नाहीं. हा भ्रम. कित्येकांच्या बोलण्यांत एका वाक्याचा दुसऱ्याशीं मेळ राहत नाहीं.

पुराव्यानें ती समजूत कां हालत नाहीं? जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञाचें चरित्र येथें पाहण्यासारखें आहे. १९५९ सालीं, वयाचीं तीस वर्षें झालीं असतां, न्यूयॉर्क टाइम्स या वर्तमानपत्रांतून आपणांस गुप्त संदेश येतात, असें ते सांगूं लागले. त्यांस स्किझोफ्रेनिया झाला होता. आपणांसारख्या तर्कनिष्ठ मनुष्यानें यावर विश्वास कसा ठेविला, असें एका सहकाऱ्यानें विचारलें. गणितांतील कल्पना ज्या वाटेनें सुचल्या त्याच वाटेनें ह्याही सुचल्या, म्हणून त्या खऱ्या मानल्या, असें नॅश यांचें उत्तर होतें. अनेक वर्षें आजारांत गेल्यावर ते हळूहळू सावरले, व १९९४ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तेव्हां रोग्याशीं वाद घालूं नये, व होस हो मिळवूनही चालूं नये. “मला तो आवाज ऐकूं येत नाहीं, पण तुला भय वाटतें आहे, हें मला दिसतें,” इतकें म्हणावें.

पालकांस एक विनंति. हा विकार बहुधा तरुणपणीं सुरू होतो. झोंप उडणें, मित्र टाकणें, अभ्यास ढासळणें, उगीच संशय घेणें, हीं चिन्हें अगोदर दिसतात. तेवढ्यावरून रोग ठरत नाहीं. त्या वयांत मुलें घुमी होतातच. परंतु त्यास आळस म्हणून मारणें किंवा बाधा म्हणून देवऋष्याकडे नेणें यांत मोलाचे महिने जातात, आणि उपचार जितका लांबतो तितकें बरें होणें कठीण. गांजानें हा धोका वाढतो. १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझीन हें औषध या रोगावर प्रथम यशस्वी झालें. तेव्हांपासून अनेक औषधें निघालीं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसल्यास सरकारच्या टेलि-मानस या सेवेकडे १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारतां येतें. तेथें मराठींतही बोलतात.