एक हजार अक्षरें आणि चार व्याधि

इ. स. १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध चालूं असतां, जेम्स येन हे चिनी तरुण अमेरिकेंतील येल विद्यापीठाची पदवी घेऊन फ्रान्सांत गेले. दोस्त राष्ट्रांनीं तेथें सुमारें १,४०,००० चिनी मजूर खंदक खणावयास व ओझीं वाहावयास आणिले होते. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या वतीनें येन त्यांच्या छावणींत राहिले. रोज रात्रीं मजूर घरचीं पत्रें लिहून घेण्यासाठीं त्यांच्याकडे गर्दी करीत. अखेर येन ह्यांनीं सांगितलें कीं, यापुढें मी पत्रें लिहिणार नाहीं, तुम्हांलाच लिहावयास शिकवीन. मजूर हंसले. पांच हजारांतून चाळीसच पुढें आले.

चिनी लिपींत हजारों अक्षरें आहेत. त्यांपैकीं नित्य व्यवहारांतील सुमारें एक हजार येन ह्यांनीं निवडलीं. पुढें चीनमध्यें, दिवसभर राबणारा मनुष्य रोज एक तास देऊन चार महिन्यांत वाचूं लागेल, अशी पाठमाला तयार झाली. १९२३ सालीं पेकिंग येथें लोकशिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

परंतु वाचूं लागलेला शेतकरी उपाशीच राहिला, तर काय साधलें? हा प्रश्न घेऊन ही मंडळी १९२६ पासून उत्तरेकडील तिंगशिएन जिल्ह्यांत कामास लागली. वस्ती सुमारें चार लाख. कित्येक पदवीधर सहकुटुंब तेथें राहावयास गेले. त्यांना चार व्याधि दिसल्या: अज्ञान, दारिद्र्य, रोग व सार्वजनिक कामाविषयीं अनास्था. एकीस सोडून दुसरी बरी होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून साक्षरतेबरोबर सुधारलेलें बीं, डुकरांची चांगली पैदास, सहकारी मंडळ्या व ग्रामकारभाराचें शिक्षण हीं कामें चाललीं.

आरोग्याची योजना विशेष मननीय आहे. १९३२ पासून डॉ. चेन चिह-च्येन तिचे प्रमुख होते. खेड्यास डॉक्टर परवडत नसे. म्हणून साक्षरतेचे वर्ग पुरे केलेल्या गांवकऱ्यांतूनच एकास निवडून थोडें शिक्षण व औषधांची लहानशी पेटी देत. तो देवी टोंची, विहिरी स्वच्छ राखी, जन्ममृत्यु नोंदी. अक्षर येत होतें म्हणूनच नोंद झाली; आणि तो गांवचाच असल्यामुळें लोकांनीं त्याच्यापुढें दंड उघडा केला.

१९३७ सालीं जपानी सैन्य आलें व तेथील काम थांबलें. येन ह्यांनीं मात्र तेंच कार्य पुढें फिलिपाइन्स बेटांत चालविलें. १९९० सालीं ते वारले. मजुरांना बुद्धि होती, संधि नव्हती, हें आपण छावणींत त्यांच्यापासूनच शिकलों, असें ते सांगत.

विचारासाठीं प्रश्न
१. चार व्याधि एकमेकींस कशा पोसतात?
२. आरोग्यसेवक गांवचाच असल्यानें काय साधलें?
३. शिकविणाऱ्यानें आधीं काय शिकावें?