साधी गाडी, शहाणी गाडी

सोलापूरहून शहागडमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या हमरस्त्यावर प्रीमियर पद्मिनी बंद पडली, की ड्रायव्हर बॉनेट उघडायचा, पॉइंटवर पॉलिश पेपर मारायचा, कार्बुरेटरच्या जेटमधला कचरा फुंकायचा आणि गोदावरीचा पूल ओलांडून पुढे निघायचा. कुर्ल्याला बनलेल्या या १०८९ सीसीच्या गाडीत कॉम्प्युटर नव्हताच. २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा अनेकजण हळहळले.

मग हे इलेक्ट्रॉनिक्स हवंच कशाला? उत्तर धुरात आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. कार्बुरेटर हे प्रमाण नुसत्या हवेच्या ओढीवर ठरवतो; थंडी, चढ, वजन बदललं की ते चुकतं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र त्याच प्रमाणाला नीट चालतो. म्हणून सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, ईसीयू हिशोब करतो आणि इंजेक्टर तेवढंच पेट्रोल सोडतो.

तोटाही खरा आहे. एक वायर तुटली तरी गाडी अडते, तिथे फुंकर चालत नाही आणि रस्त्याकडेच्या मिस्तरीचं गिऱ्हाईक शहरात जातं. पण गाडी बिघाडाचा कोड स्वतःच नोंदवते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की तो वाचता येतो. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. 'मिश्रणात पेट्रोल कमी' एवढंच तो सांगेल. चिरलेला व्हॅक्यूम पाइप शोधायला मिस्तरीचेच कान लागतात. तेव्हा सुट्टीत गावी गेलात, तर त्यांना स्कॅनर शिकवा आणि त्यांच्याकडून इंजिन ऐकायला शिका.